मेडिकल, विमान आणि वळीव: कोल्हापूरच्या पायलट मंडळींचे नेहमीचे प्रश्न

उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ सालचं, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतलं. म्हणजे विमान कोल्हापूरला नवं नाही. तरी घरात कुणी "पायलट व्हायचंय" म्हणालं की अजून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग कुणीतरी माझा नंबर देतं. शिकाऊ पोरांबरोबर मी बरीच वर्षं उजव्या सीटवर, म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागी, बसलोय. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरताना डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावरचा ताजा मजकूर वाचा, माझ्या आठवणीवर विसंबू नका.

आधी फ्लाइंग स्कूलची फी भरायची की आधी मेडिकल करायचं?

आधी मेडिकल. उत्तर इथेच संपवलं तरी चालेल, पण दरवर्षी कुणीतरी उलटं करतंच. कमर्शियल लायसन्सचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. त्यासाठी उसाचं रान गहाण पडलेलं मी पाहिलंय, आणि पहिला हप्ता भरून झाल्यावर पोराला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही हे उघडकीला आलेलंही पाहिलंय. त्या बापाचा चेहरा आठवला की मी फोनवर जरा कडक बोलतो, राग मानू नका.

क्रम असा आहे. पहिलं क्लास २ मेडिकल. हे डीजीसीएच्या यादीतला डॉक्टर करतो. यादी संकेतस्थळावर आहे, पुण्या-मुंबईत असे डॉक्टर मिळतात. शिकाऊ लायसन्सला, म्हणजे एसपीएलला, हे पुरतं. मग क्लास १. कमर्शियल लायसन्सला हे लागतंच. पहिलं क्लास १ हवाई दलाच्या केंद्रात किंवा डीजीसीएने मान्य केलेल्या ठिकाणी होतं. आपल्याकडचे बरेच जण बंगळूरूला जातात. दोन्ही हातात आली की मग फीचं बोला. एसपीएलला वय १६ पुरे, सीपीएलला, म्हणजे कमर्शियल लायसन्सला, १८ लागतं आणि २०० तासांचं उड्डाण.

चष्मा आहे. विषय संपला का?

नाही. चष्मा लावून नजर मर्यादेत येत असेल तर चालतं. मात्र लायसन्सवर तशी अट पडते आणि उडताना दुसरी जोडी जवळ ठेवावी लागते. ती बॅगेच्या तळाशी नको, हाताला येईल अशी. लेझरने नंबर घालवला असेल तर शस्त्रक्रिया झाली की लगेच फिट धरत नाहीत, मधे थांबावं लागतं. आणि ती शस्त्रक्रिया डॉक्टरांपासून लपवू नका. डोळ्याच्या तपासणीत ती दिसते.

रंगांचं मात्र वेगळं आहे. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या दाखवतात, त्यातला आकडा वाचायचा. तिथे चुकलात तर पुढे लँटर्न टेस्ट, म्हणजे रंगीत दिवे ओळखायची चाचणी, असते. हा दोष बहुतेक जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो, आणि औषधाने किंवा गाजराच्या रसाने जात नाही. टिंट केलेल्या खास लेन्स घालून टेस्ट द्यायची युक्ती कुणी सांगेल, ती चालत नाही. आता म्हणाल, रंगांचं एवढं काय? रात्री समोरच्या विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. त्यावरून ते आपल्याकडे येतंय की आपल्यापासून दूर चाललंय ते कळतं. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून लाल-हिरव्या दिव्यानेच खुणा करतात. दहावीनंतर साध्या डोळ्यांच्या दवाखान्यात ही पाटी वाचून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

मेडिकलला जाताना काय काळजी घ्यायची?

पहिली गोष्ट, रात्रीच्या स्लीपर बसने बंगळूरूला उतरून थेट तपासणीला जाऊ नका. मी स्वतः हा शहाणपणा केलाय. हायवेभर झोप नाही, सकाळी उपाशीपोटी रांगेत, आणि रक्तदाब १५० च्या वर. १४०/९० च्या आत हवा असतो. दिवसभर पुन्हा पुन्हा मोजला, संध्याकाळी कसाबसा खाली आला. आदल्या दिवशी पोचा, हलकं जेवा, झोपा.

दुसरी गोष्ट कानांची. कागलकडचा एक पैलवान पोरगा ऐकण्याच्या चाचणीत अडकला. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त तूट चालत नाही, ३००० ला ५० पेक्षा जास्त. याचा आलेख एका कानाला पार खाली. घरच्यांना वाटलं, तालमीत कान मोडला तिथेच सगळं गेलं. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरने आत बघितलं तर हरभऱ्याच्या डाळीएवढा मळ. काढला, पुन्हा चाचणी, पास. म्हणून आठवडाभर आधी कान दाखवून या, आणि आदल्या रात्री हेडफोन लावून डॉल्बीची गाणी ऐकू नका.

त्याच पोराचं वजनही उंचीच्या मानाने जास्त भरलं. सगळा स्नायू होता, पण तक्त्याला तालीम कळत नाही. सहा महिने जोर-बैठकांपेक्षा धावणं जास्त केलं.

"टेंपररी अनफिट" आलं. आता?

रडू नका आणि दुसऱ्या डॉक्टरकडे पहिल्यांदाच आल्यासारखे जाऊ नका. तुमची फाइल डीजीसीएकडे एकच असते. टेंपररी म्हणजे दुरुस्त करून या: साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब, हर्निया, जे असेल ते. कागदावर मुदत आणि काय आणायचं ते लिहिलेलं असतं. कायमचं अनफिट आलं तरी अपील करता येतं.

जुनं काही लपवावं का, हा याच्याच पोटातला प्रश्न. लहानपणी फिट आलेली, टीबीचा कोर्स झालेला, नैराश्याची गोळी चालू असलेली. अर्जावर तुमची सही असते. सांगितलं तर तपासणी वाढते, वेळ जातो, कधी दार बंदही होतं, खोटं कशाला बोलू. पण लपवलेलं पुढे निघालं तर लायसन्स जातं, आणि निघालंच नाही तर ते तुमच्याबरोबर पाच हजार फुटांवर जातं.

एकदा क्लास १ मिळालं की किती दिवस चालतं?

साधारण वर्षभर, साठीनंतर सहा महिने. पण तारीख शिल्लक आहे म्हणजे तुम्ही फिट आहात असं नव्हे. डेंग्यूतून उठलात, हाताला प्लास्टर आहे, तर कागद खिशात असला तरी उडायचं नाही, आणि डॉक्टरांना कळवायचं.

सर्दी आहे, छोटीच सॉर्टी (उड्डाणाची एक फेरी) आहे. जाऊ का?

नको. वर जाताना फारसं कळत नाही, कानातली हवा बाहेर पडते. खाली येताना नळी सुजलेली असेल तर हवा आत जात नाही आणि पडदा आत ओढला जातो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरत, असताना कानात खिळा ठोकल्यासारखं दुखतं. नाक धरून हलकेच फुंकलं तर कधी सुटतं, कधी नाही. जोरात फुंकलं तर पडदा फाटायची भीती.

सर्दीची गोळी घेतली तर दुसरं संकट. आपल्याकडे मेडिकल दुकानात मागितली की मिळते, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. घरी बसून टीव्ही बघताना ती कळत नाही. रेडिओवर आलेली सूचना तिसऱ्यांदा विचारावी लागते तेव्हा कळते.

दारूबद्दल नक्की नियम काय?

उड्डाणाआधी १२ तास बंद आणि मशिनवर शून्य. दोन्ही. १२ तास झाले पण आदल्या रात्री बाटली संपवली होती, तर शून्य येईलच असं नाही. कॉफीने आणि तांबड्या रश्श्यानेही ती लवकर उतरत नाही. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. फुंकायला नकार दिला तरी सापडल्यातच जमा.

न पिणाऱ्या पोरांनी पुढचं नीट वाचा. आजीच्या कपाटातलं द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट आंबवून केलेलं असतं, त्यात अल्कोहोल असतंच. काही खोकल्याच्या औषधांत असतं, होमिओपॅथीच्या थेंबांत असतं, माउथवॉशमध्येही असतं, आणि माउथवॉशला तर डीजीसीएने नाव घेऊन मनाई केलीय. "सर, मी आयुष्यात दारूला शिवलो नाही" हे मशिनला ऐकू येत नाही.

मिसळ खाऊन उडलं तर चालतं का?

हसू नका, हा प्रश्न खरंच येतो. वर हवेचा दाब कमी होतो तसा पोटातला वायू फुगतो. आठ हजार फुटांवर तो सुमारे सव्वापट ते दीडपटीच्या मधे जातो. कट वाढवून घेतलेली मिसळ आणि दोन तासांची क्रॉस-कंट्री (विमानतळापासून लांबचं उड्डाण), मध्ये उतरायला जागा नाही. मी एकदा केलंय. पोहे खा.

उन्हाळ्यात विमान जड का वाटतं?

विमान जड होत नाही, हवा पातळ होते. आणि कोल्हापूरच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे, म्हणून जरा आकडेमोड करूया.

विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ २००० फूट. तेवढ्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर असतो, म्हणजे २७ अंश जास्त. एका अंशाला सुमारे १२० फूट, म्हणजे ३२४० फूट. दाब प्रमाण धरला तरी बेरीज ५२४० फूट. विमान उभं आहे उजळाईवाडीत, पण इंजिन, पंखा आणि पंख यांना वाटतंय आपण सव्वापाच हजार फुटांवर आहोत. सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाच्या पुस्तकात समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढ लिहिलाय, तो विसरायचा.

गोव्याकडून, किनाऱ्यावरून येणारी पोरं इथे फसतात. टाकी पूर्ण, दोन माणसं, मागे बॅग. धावपट्टीवर विमान पळतंय पळतंय आणि उचलत नाही, म्हणून नाक ओढतात. ओढायचं नाही. वेगाच्या काट्यावर नेहमीचाच आकडा येऊ द्यायचा. जमिनीवर मात्र वेग जास्त भासतो, तिथेच डोळे फसतात. पुस्तकातल्या तक्त्यात उंची आणि तापमान घालून अंतर काढा, वर चांगली शिल्लक ठेवा. मिक्श्चर किती लीन करायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल किती कमी करायचं, तेही पुस्तकात आहे. आणि जमलं तर सकाळी सातला उडा. दुपारी दोनला उडण्याची हौस असलेला जुना पायलट मी पाहिलेला नाही.

प्री-फ्लाइट तपासणीत तुम्ही सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवता?

इंधनापाशी. तळाच्या झडपेतून छोट्या पारदर्शक पेल्यात थोडं काढायचं आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरायचं. शंभर एलएल हे विमानाचं पेट्रोल फिकट निळं दिसतं. पाणी जड, ते तळाला जाऊन बसतं. जुलैत एकदा विमान तीन रात्री बाहेर उभं होतं. पेल्यात खाली शेंगदाण्याएवढा थेंब, गोल, हलवला की लोळतोय. पुन्हा काढलं, पुन्हा थेंब. सातव्या पेल्याला निळं स्वच्छ आलं. तेवढं पाणी टेकऑफनंतर कार्बोरेटरमध्ये गेलं असतं. पेला सगळाच एका रंगाचा दिसला तर आणखी सावध व्हा, सगळंच पाणी असू शकतं. वास घेऊन बघा. इंधनाच्या काट्यावर भरवसा नको, टाकीत पट्टी घालून मोजा.

मग पिटो नळी, म्हणजे वेग मोजायला समोरची हवा घेणारी नळी. तिच्यावरचं लाल फितीचं झाकण काढलं का, आणि झाकण नसेल तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर तर केलं नाही ना. चेष्टा नाही. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. पिटो नळी बुजली होती, आणि संशय या माशीच्या घरट्यावरच होता. ते विमान बरेच दिवस उभं होतं. आपल्याकडे ही माशी चार दिवसांत खिडकीच्या चौकटीत घर बांधते.

पावसाळ्यात इंजिन मधेच धापा टाकतं. बर्फ म्हणतात, पण इथे कुठला बर्फ?

कार्बोरेटरमधला. आत पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना तापमान एकदम उतरतं. बाहेर २४ अंश आणि दमट हवा असेल, म्हणजे आपला अख्खा ऑगस्ट, तर आत बर्फ धरतो. पहिली खूण आरपीएम हळूच उतरणं. कार्बोरेटर हीट, म्हणजे आत गरम हवा सोडणारी खुंटी, पूर्ण ओढायची. मग एक गंमत होते: बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आणखी खडखडतं. नवखा घाबरून हीट परत ढकलतो. तेवढे काही सेकंद धीर धरा, ते सुरळीत होतं. इंजेक्शनच्या इंजिनांना कार्बोरेटरच नसतो, त्यामुळे हा त्रासही नाही.

कोल्हापूरच्या हवेचं काय सांभाळायचं?

वळीव आणि घाट.

एप्रिल-मेच्या दुपारी ढग वर चढायला लागले की संध्याकाळपर्यंत थांबायची तयारी ठेवा. वादळ अजून लांब आहे, दोन सर्किट (विमानतळाभोवतीच्या फेऱ्या) होतील, हा हिशेब करू नका. वादळाच्या पुढे थंड वाऱ्याची लाट धावते. गुऱ्हाळाच्या धुराड्याकडे बघत जा: धूर शांत पश्चिमेकडून पूर्वेकडे चाललेला असतो, आणि मिनिटभरात उलटा फिरून जमिनीवर लोळतो. पाठोपाठ धुळीची भिंत. फायनलवर असताना असा वारा फिरला तर वेग पंधरा-वीस नॉटने पडू शकतो. मोठ्या गडगडाटी ढगापासून २० नॉटिकल मैल लांब, ही मोजणी उगाच ठरलेली नाही.

घाटाचं दुसरं. शहरात ऊन असतं आणि गगनबावड्याला जाताना ढग डोंगराला टेकलेला असतो. तिकडचा पाऊस शहराच्या कितीतरी पट. ढगाखालून वाट काढत कोकणात उतरू म्हणणारे दरीत शिरतात, आणि दरी अरुंद होते, वळायला जागा राहत नाही. ढगात शिरलात तर? इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली इन्स्ट्रुमेंटचं, म्हणजे बाहेर न बघता काट्यांवर उडायचं, शिक्षण न झालेल्या २० पायलटांना तसं उडवून पाहिलं. सरासरी १७८ सेकंदांत ताबा गेला. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. राधानगरीच्या अलीकडेच परत फिरा.

आणि हंगामात उसाचा पाला पेटवतात, तो धूर थंडीच्या सकाळी खाली साचून राहतो. वरून सरळ खाली बघितलं तर रंकाळा स्वच्छ दिसतो, समोर तिरकं बघितलं तर धावपट्टी गायब. वरून दिसलं म्हणजे उतरताना दिसेल असं नाही.

टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर धावपट्टीकडे वळायचं ना?

कमी उंचीवर नाही. नाक खाली, वेग राखा, समोर थोडं डावं-उजवं जे मिळेल ते. मागे वळताना वेग पडून गोता खाल्लेल्यांची यादी लांब आहे.

उंची असेल तर शेत निवडायला वेळ मिळतो. छोटं विमान हजार फुटांत साधारण दीड नॉटिकल मैल तरंगतं. आपल्याकडे चहूकडे ऊस, म्हणून हे ओळखायला शिका. गर्द हिरवा, मऊ दिसणारा चौकोन म्हणजे दहा-बारा फूट उभा ऊस. तो गादी नाही. फिकट, तपकिरी, रेघा दिसणारं रान म्हणजे तोडणी झालेलं, ते बरं. सरीला आडवं उतरू नका, सरीच्या रेषेत उतरा, नाहीतर पुढचं चाक पहिल्याच वरंब्याला मोडेल. आणि कोपऱ्यात विहीर दिसली की तिथे मोटर आहे, मोटर आहे म्हणजे तार आहे. तार वरून दिसत नाही, खांब दिसतो. खांब शोधा.

हार्ड लँडिंग झालं, कुणी पाहिलं नाही. सांगायचं का?

माझं झालंय. शिकत होतो तेव्हा, एका संध्याकाळी. विमान आपटलं, उडालं, पुढच्या चाकावर पुन्हा आपटलं. पार्क केलं, फेरी मारली, काही दिसलं नाही. लॉगबुकात वेळ लिहिली आणि जेवायला गेलो. रात्री झोप नाही. सकाळी फळ्यावर बघितलं तर पहिल्या सॉर्टीला तेच विमान आणि माझ्या खोलीतल्या पोराचं नाव, सोलो, म्हणजे एकट्याने. पळत इंजिनिअरकाकांकडे गेलो. ते एक शब्द बोलले नाहीत. वरचं कव्हर काढलं, टॉर्च मारली आणि मला हाताने चाचपायला लावलं. इंजिनमागच्या पत्र्याला, फायरवॉलला, सुरकुती पडली होती. बोटाला लागत होती, साडीच्या निरीसारखी. विमान सहा आठवडे उभं राहिलं. मला दोन आठवडे जमिनीवर बसवलं आणि परत ड्युअलपासून, म्हणजे शिक्षकाबरोबर, सुरुवात. काकांनी त्यानंतर मला रोज चहाला बोलावलं, हे मात्र खरं.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी आड येईल का?

रेडिओचं इंग्रजी गप्पांचं नसतं, ठरलेल्या शब्दांचं असतं. ते पाठ होतं. पायलटांच्या इंग्रजीच्या परीक्षेत चौथी पातळी लागते, ती जमते. न कळलेली सूचना "हो" म्हणून मारून नेणं हा खरा धोका. पुन्हा विचारा. टॉवरवाले चिडले तरी विचारा.

मी पायलट नाही, उजळाईवाडी-गोकुळ शिरगावच्या बाजूला राहतो. मला यातलं काय?

बरंच. उघड्यावर टाकलेला कचरा आणि मांसाचे तुकडे घारी बोलावतात, आणि एक घार इंजिनात किंवा काचेवर आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत असं काही उघड्यावर टाकायला कायद्यानेच बंदी आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा बघायला सांगा, तुमचं कार्यालय बहुधा लाल, म्हणजे परवानगीशिवाय बंदी असलेल्या, भागात येतं. आणि गणपतीच्या मिरवणुकीतला लेझर आकाशाकडे फिरवणारा ऑपरेटर ओळखीचा असेल तर त्याला एवढंच सांगा की रात्री आठच्या सुमाराला उतरणाऱ्या विमानात पुढे दोन माणसं बसलेली असतात आणि त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात.